दहा मिनिटांची परवानगी

चूक माझी होती, हे आधीच लिहितो. नाहीतर मधूच्या चांगल्या आठवणींआड मी पुन्हा लपेन.

मधू गेला त्याला दीड महिना झाला. नवघरच्या आमच्या सोसायटीत आम्ही वीस वर्षं शेजारी. त्याचे पाय लहानपणीच पोलिओने गेलेले. अलीकडे कुबड्यांवरही तोल राहीना, म्हणून व्हीलचेअर आली. ती रिक्षात मावेना, बसमध्ये चढेना. बँकेतून निवृत्त झाल्यावर टीव्ही आणि बहीण शुभाताई, एवढंच त्याचं जग उरलं. मग गोडदेवला अपंगांचा कॅरम क्लब निघाला. दर शनिवारी क्लबची रॅम्पवाली व्हॅन सभासदांना घरून न्यायची, परत सोडायची. अडचण एकच... रॅम्प मागच्या बाजूने उघडायचा आणि आमच्या गेटबाहेर रिक्षांच्या रांगेत तेवढी जागा नव्हती. गाडी दहा मिनिटं आत यायला हवी होती.

सेक्रेटरी मी. पार्किंगच्या भांडणांना कंटाळून ‘बाहेरच्या गाड्यांना प्रवेश नाही’ हा बोर्ड मीच लावला होता. मधूचा अर्ज मी फाइलला लावला. म्हटलं, “सर्वसाधारण सभेत ठेवतो.”

“अरे, मी पार्किंग मागतोय का? पूजेला मंडपवाल्याचा टेम्पो दिवसभर आत असतो, त्याची कुठली सभा घेतलीस?”

“एकाला दिलं की सगळे मागतात रे.”

“मागू देत की. बिल्डिंगमध्ये आणखी कोणाकोणाला पोलिओ आहे, कळेल तरी!”

तो हसला, मीही हसलो. पहिले दोन शनिवार व्हॅन गेटवरून परत गेली. वॉचमन म्हणायचा, “साहब का ऑर्डर है.” नंतर ती येईनाशीच झाली. इस्त्रीचा शर्ट घालून मधू बाल्कनीत बसलेला मी खालून पाहायचो आणि मान वळवायचो. असे पाच महिने गेले.

सभेत ठराव चहा गार व्हायच्या आत मंजूर झाला. एकानेही हरकत घेतली नाही. ज्यांना मी घाबरत होतो, ते लोक नव्हतेच कुठे...

मधूला सात शनिवार मिळाले. परतताना गेटपासूनच ओरडायचा, “सेक्रेटरी, आज राणी घेतली, कव्हरसकट!” आठव्या शनिवारच्या आधीच तो हृदयविकाराने गेला.

गेल्या आठवड्यात शुभाताईंकडे गेलो. व्हीलचेअर अजून बाल्कनीतच होती. त्या म्हणाल्या, “तुम्ही सभेत मांडलंत, म्हणून त्याला तेवढं तरी मिळालं.” ते आभार मला ऐकवेनात.

“शुभाताई, सभेची गरजच नव्हती. माझी एक सही पुरली असती. लोक काय म्हणतील म्हणून मी ती केली नाही. त्याचे पाच महिने मी घालवले. मला माफ करा.”