तानाबाईची दहा वर्षं

आंजी गावात कुणाच्या घरी लग्न निघालं, की मटक्यावरच्या रोट्या तानाबाईच्याच. सैल कणीक परातीत आपटायची, दोन्ही हातांवर झुलवत हातभर लांब करायची आणि चुलीवरच्या पालथ्या मटक्यावर अलगद टाकायची. तिच्यासारखी पातळ रोटी कुणाला जमत नव्हती.

पन्नासाव्या वर्षी तिच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनआधी सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर त्यात हिपॅटायटिस बी निघाला. अंगात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेली कावीळ. सून जया कागद वाचत होती आणि तानाबाईला थोरला भाऊ चिंधू दिसत होता. त्यानंही याच नावाचा कागद घरी आणला होता. दारूला कधी शिवला नाही, तरी पोटात पाणी झालं आणि दोन वर्षांत गेला.

लिव्हरच्या डॉक्टरची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. तेवढ्या आठ दिवसांत तानाबाईनं आपला संसार आवरला. पितळी परात शेजारच्या सीताबाईला दिली, शेळी भाची जागृतीला. चैत्रातल्या लग्नांच्या रोट्या आनंदाबाईकडे सोपवल्या.

"आई, हे काय चालवलं तुमी?" जया रडकुंडीला आली.

"माहं मी वाटून राह्यली. माह्या मांगं भांडणं नको."

आठव्या दिवशी दोघी सावंगीला गेल्या. डॉक्टर अंकिता जयाच्याच वयाची होती. तिनं तानाबाईचं वय लिहिलं, लिव्हरचे आकडे पाहिले, रक्तात विषाणू किती ते पाहिलं, सोनोग्राफी डोळ्यांखालून घातली. चिंधूचं सगळं नीट विचारून घेतलं.

"सरळ सांग बाई," तानाबाई म्हणाली. "किती वर्षं?"

"तसं सांगता येत नाही, मावशी. पण या आकड्यांवरून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज निघतो. तुमच्यासारख्या शंभर जणी घेतल्या, तर तीन-चार जणींचं लिव्हर फार बिघडतं, कधी कॅन्सरही होतो. भावाला झालं होतं म्हणून आपण पाच-सहा धरू."

"न् बाकीच्या?"

"बाकीच्या आपापली कामं करतात."

तानाबाईनं मनातल्या मनात मांडव घातला. शंभर बाया पंगतीला बसवल्या. सहा पत्रावळी उचलल्या. चौऱ्याण्णव बाया अजून जेवतच होत्या, वरून रोट्या मागत होत्या.

"मंग मी कोनत्यातली?"

"ते मलाही माहीत नाही," अंकिता हसली. "म्हणून तर दर सहा महिन्यांनी यायचं. भावाचं फार उशिरा कळलं. तुमचं बिघडायला लागलं तर लवकर दिसेल, आणि औषध आहे. सध्या गोळीसुद्धा नको."

"माह्या हातच्या रोट्या चालतीन लोकायले?"

"बिनधास्त करा. हे खाण्यातून पसरत नाही, रक्तातून पसरतं. घरच्यांची मात्र तपासणी करा."

आंजीला बसमधून उतरली ती तडक सीताबाईच्या दारात.

"परात दे माही."

"देलेली परात कोनी वापस मांगते का?"

"मराची होती तवा देली. आता लांबलं."

सीताबाईनं तोंडाला पदर लावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. परातीत तिचं वड्यांचं पीठ होतं. ते निपटेपर्यंत तानाबाईला ओट्यावर बसावं लागलं. शेळीचं प्रकरण जरा अवघड गेलं, कारण तोवर ती व्याली होती. शेळी आणि एक पिल्लू तानाबाईला, दुसरं पिल्लू जागृतीला, अशी तडजोड झाली.

घरात सगळ्यांचं रक्त तपासलं. मुलगा धनंजय, जया, नात समीक्षा, कुणालाच काही नव्हतं. तिघांनी लस घेतली. समीक्षानं सुई पाहून दवाखाना डोक्यावर घेतला.

आनंदाबाईकडून रोट्यांचं काम परत घेतलं, तर पहिल्याच लग्नात मांडवात कुजबुज झाली, की हिच्या हातचं खायचं कसं? सीताबाई सगळ्यांदेखत उठली, मटक्यावरची गरम रोटी घेतली आणि वांग्याच्या भाजीसोबत मांडवाच्या मधोमध बसून खाल्ली. मग दुसरी मागितली. कुजबुज करणाऱ्यांना थांबावं लागलं, कारण रोट्या संपायला आल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी रक्तातला विषाणू वाढला आणि रोजची एक गोळी सुरू झाली. त्या रात्री तानाबाईला झोप आली नाही; पण पुढच्या तपासणीत आकडा उतरला आणि तिचं मन थाऱ्यावर आलं. गोळी सकाळच्या चहाला चिकटली ती कायमचीच.

आता आठवं वर्ष चालू आहे. परवा सोनोग्राफीच्या रांगेत देवळीचे पुंडलिकराव तिच्या शेजारी बसले होते. पहिलीच खेप, हातातला कागद घामानं ओला.

"तुमाले किती वर्षं देलीत, बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"इथं वर्षं देत नाईत, भाऊ. तारीख देतेत. जा, घेऊन या."

त्यांचं आटपेपर्यंत ती थांबली आणि तिची बस गेली. पुंडलिकराव बाहेर आले, कागद वर धरून म्हणाले, "ऑक्टोबर!"

मग दोघांनी गेटसमोरच्या टपरीवर चहा घेतला, आणि तानाबाईनं त्यांच्याकडून घरच्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायचं वचन घेऊनच पुढची बस पकडली.