काट्याचा निळा रंग

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. पुढे घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे आमच्या दोन खोल्या. यजमान डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि मी दुपारी चहा घेऊन गेले की तिथेच रेंगाळायचे. इतक्या बारीक स्क्रूला आटे कसे पाडतात, घड्याळ टिकटिकच का करतं, असं काहीबाही विचारायचे. ते कंटाळायचे नाहीत.

एकदा गारगोटीकडचे एक शेतकरी वडिलांचं खिशातलं घड्याळ घेऊन आले. तासकाटा गंजून मोडला होता. मिनिटकाटा शाबूत, गर्द निळा. मला वाटलं, रंग दिलाय.

"रंग नव्हे," यजमान म्हणाले, "पोलादच तापवून निळं करतात."

मला खरं वाटेना.

अशी कामं गावातले एक चाचा करून द्यायचे, पण ते लेकाकडे मिरजेला राहायला गेले होते. म्हणून यजमानांनी पहिल्यांदाच स्वतः हात घातला. पोलादाच्या पट्टीतून नवा काटा घडवला, आरशासारखा घासला, तापवला आणि बसवला.

शेतकऱ्यांनी घड्याळ दारातल्या उजेडात धरलं आणि ते मोठ्यानं म्हणाले, "आवं, ह्यो जुना निळा हाय, पर ह्यो नवा तर वांगी रंगाचा की!"

यजमानांनी दोन्ही काटे बराच वेळ पाहिले. "पुन्हा करून देतो. बाजाराला याल तेव्हा घेऊन जा," एवढंच बोलले. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"अगं, हे दोन रंग खरंच वेगळे आहेत?"

थट्टा वाटली. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. मी शिवणाच्या दोऱ्यांची रिळं आणून समोर ओतली. त्यांनी निळी आणि जांभळी एकाच ढिगात टाकली.

"साखरपुड्याला मी नेसलेलं पातळ कुठल्या रंगाचं होतं?"

"निळं."

ते जांभळं होतं.

"मला वाटायचं, गडद निळ्यालाच बायका जांभळं म्हणतात," ते म्हणाले. "शाळेत नकाशा रंगवला की मास्तर का मारायचे, ते आज कळलं." ते हसले, पण चहा तसाच गार झाला. मग पुन्हा काटा हातात घेऊन म्हणाले, "तू बघशील? मी तापवतो."

त्यांनी काटा पुन्हा घासला, पेट्रोलनं धुतला. बोट लागलं तर डाग उमटतो म्हणून चिमट्यानंच उचलून पत्र्याच्या वाटीतल्या पितळेच्या किसावर ठेवला. खाली स्पिरिटचा दिवा. मी श्वास रोखून वाकले. आधी काहीच नाही. मग काट्यावर वाळल्या गवताचा पिवळेपणा आला, तो काकवीसारखा तांबूस झाला, तांबूस जांभळ्यात गेला आणि पापणी लवते न लवते तोच—

"झाला!" मी ओरडले. त्यांनी काटा उचलेपर्यंत निळा विरून राखाडी पडला होता.

"रागावलात?"

"छे. पुन्हा घासू."

तोंडानं सांगण्यात वेळ जातो, हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्या मनगटावर बोट टेकवून बसले. जांभळ्याच्या कडेनं निळा सरकताना दिसला तशी मी बोट दाबलं, त्यांनी काटा उचलून गार पितळेवर टाकला. दारात नेऊन पाहिला. गर्द निळा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा. त्या दुपारी मी तो किती वेळा पाहिला असेन!

शेतकरी आले. दोन्ही काटे निरखून म्हणाले, "आता भावाभावावानी दिसत्यात. चाचा आलं व्हय मिरजेस्नं?"

"न्हाय," यजमान त्यांच्याच बोलीत म्हणाले, "हात माझा, डोळं हिचं."

शेतकऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वैनी, तुमास्नी कुनी शिकिवलं?"

"बघत बसले, एवढंच," मी म्हणाले. मला लाजल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

त्यानंतर तसलं काम आलं की मी त्यांच्याशेजारी बसू लागले. पुढे घासणंही शिकले. एकदा दिवा पेटलेला असताना मी विचारलं, "अहो, मला रंग बदलताना दिसतात, तेव्हा तुम्हाला काय दिसतं?"

ते किसावरच्या स्क्रूकडे पाहत राहिले. "पोलाद आधी काळवंडतं," ते हळूच म्हणाले, "आणि मग आतून उजळल्यासारखं होतं."

मी डोळे किलकिले करून तसं दिसतंय का ते पाहू लागले, आणि त्या नादात तो स्क्रू राखाडी होऊन गेला.