पेंटरीणबाईंचा जळफळाट

लग्नाला आठ दिवस झाले होते. नवी सून स्वयंपाकघरात भांडी पुसत होती आणि भिंतीपलीकडे सासू-सासऱ्यांची जुंपली होती.

"पोरगा पितो, हे तिच्या घरच्यांना सांगायला हवं होतं," सासरे म्हणत होते.

"सांगितलं असतं तर दिली असती का पोरगी त्यांनी?"

"मग आता तिनं काय करायचं?"

"करायचं काय त्यात? बायको आली की सुटते. शहाणी असेल तर वर्षभरात सोडवेल."

"अगं, तीस वर्षांत तुला माझी तपकीर सोडवता आली नाही."

दुसरी एखादी असती तर तिने भांडं तिथेच आपटून माहेरची वाट धरली असती. हिने ते नीट पुसून फडताळात ठेवलं आणि मनाशी म्हणाली, सोडवीन. सासूने जणू परीक्षेला बसवलं होतं. शाळेत ती दुसरीच्या पुढे गेली नव्हती, तेव्हा आयुष्यात परीक्षा अशी हीच एक.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गाव त्याला पेंटर म्हणे, म्हणून ही पेंटरीण. हात सोन्यासारखा, पण सकाळी पानासारखा थरथरायचा. पोटात घोट गेला की थांबायचा. म्हणजे ज्या दारूने हात बिघडवला तीच त्याला वठणीवर आणायची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ना, त्यातली गत. गिऱ्हाइकं सकाळीच येत. तेव्हा पेंटर दोन्ही हातांनी ब्रश धरून कसाबसा अक्षरांचा आकार काढी आणि आत रंग पेंटरीण भरी. लिहिलंय काय ते तिला चटकन वाचता येत नसे, पण कड कधी चुकायची नाही. गावातल्या निम्म्या पाट्यांच्या पोटात तिचा रंग होता.

बाटल्या ओतून झाल्या, लपवून झाल्या, शपथा घालून झाल्या. गिऱ्हाईक दारात आलं की "त्यांना ताप आहे" सांगायचं. बावीस वर्षं एकच ताप. एवढा टिकाऊ ताप कुठल्या डॉक्टरने पाहिला नसेल. लेक चौदाव्या वर्षी मावशीकडे राहायला गेली ती तिकडचीच झाली. बापाच्या तोंडाला वास येतो म्हणून मैत्रिणींना घरी आणता येत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. बाटली आपली सवत आहे हे पेंटरीण केव्हाच धरून चालली होती. सवतीशी भांडायची तरी सवय होते माणसाला.

मग पेंटरचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोट टम्म झालं. डॉक्टर म्हणाला, "यकृत आकसलंय. अजून थांबलात तर जगाल. नाही थांबलात तर मला काही सांगता यायचं नाही." पेंटरने मान डोलावली आणि येताना गुत्त्यावरून आला.

पुढच्याच महिन्यात न्हाव्याने दुकानाची पाटी रंगवायला त्याला बोलावलं. हात थरथरताना पाहिला तसं त्याला खुर्चीत बसवलं, गालाला साबण लावला आणि दाढी करता करता स्वतःची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांपूर्वी तोही प्यायचा, आणि एका सकाळी त्याने गिऱ्हाइकाच्या कानाचा तुकडा उडवला होता. संध्याकाळी तो पेंटरला आपल्यासोबत बैठकीला घेऊन गेला. शाळेच्या एका खोलीत दर मंगळवारी आणि शुक्रवारी दारू सोडलेली माणसं जमत. एकदम बंद केली तर झटके येतात, म्हणून त्यांनीच त्याला आठ दिवस दवाखान्यात ठेवलं. पेंटर घरी आला तो कोरडा. राहिलाही कोरडा.

बावीस वर्षांत जे बायकोला जमलं नाही, ते न्हाव्याने एका दाढीत केलं.

आनंद झाला तिला. कोण नाही म्हणतंय? पण आनंदाच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं आणि घरातच ठाण मांडून बसलं. शेजारीपाजारी न्हाव्याची पाठ थोपटत. पेंटरचं तर उठता बसता "न्हावीभाऊ म्हणतात". न्हावीभाऊ म्हणतात सकाळी चालावं. न्हावीभाऊ म्हणतात राग आला की पाणी प्यावं.

"मी हेच म्हणत होते की," ती एकदा म्हणाली.

"हो का?" पेंटर म्हणाला. "पण ते कसं समजावून सांगतात."

लेकीचा फोनही न्हाव्याच्या दुकानात येऊ लागला. बाबा कसे आहेत, बैठकीला येतात का. लेक हिची, नवरा हिचा, आणि खुशाली न्हाव्याच्या तोंडची.

त्यातूनही तिने तग धरला असता. पण एका सकाळी रंगाचा डबा घेऊन ती पाटीजवळ गेली तर पेंटरने ब्रश काढून घेतला. हात स्थिर होता त्याचा. "तू बस गं, आता मी भरतो. खूप केलंस." प्रेमाने म्हणाला हो तो. हिला मात्र घरातून काढल्यासारखं वाटलं. ती आत जाऊन धुतलेलेच कपडे पुन्हा धूत बसली.

चौथ्या महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी न्हावी दारात आला. पेंटर बाहेर गेला होता.

"वहिनी, शाळेची खोली आज मिळत नाही. बैठक माझ्या दुकानात, सहाऐवजी पाचला. पेंटरना सांगाल ना?"

"सांगते."

नाही सांगितलं. वाईट व्हावं असं मनात नव्हतं तिच्या. एकदा कुलूप दिसू दे, मग सरळ घरी येईल आणि एक संध्याकाळ तरी माझ्याशी बोलत बसेल, एवढाच हिशेब. तिने दोन खुर्च्या खिडकीशी ओढल्या, दूध तापवलं, केस विंचरले.

साडेसहा झाले, सात झाले. शाळेपासून घराकडे येताना वाटेत गुत्ता लागतो हे बावीस वर्षं जिला पाठ होतं, ती नेमकी तेच विसरली होती.

पेंटर तीन दिवस पीत राहिला. चौथ्या दिवशी रक्ताची उलटी झाली. दवाखान्याच्या बाकावर न्हावी तिच्या शेजारी येऊन बसला तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. आता हा चारचौघांत आपली अब्रू काढणार, म्हणून ती पदर आवळून बसली होती.

न्हावी म्हणाला, "मी सोडली तेव्हा माझ्या बायकोनं एकदा स्वतःच बाटली आणून समोर ठेवली होती. म्हणाली, प्यायल्यावर निदान भांडायला तरी घरी यायचास."

"मग?"

"मग काय. प्यायलो आणि भांडलो." तो उठला. "पेंटरना मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

तिने सांगितलं. खाटेची कड धरून, त्याच्याकडे न बघता.

पेंटरने डोळे मिटले. "मला वाटलं, त्यांनी मला काढून टाकलं. दाराला कुलूप लावून सगळे दुसरीकडे गेले." मग म्हणाला, "पण गुत्त्यात मी माझ्या पायांनी गेलो. तेवढं तरी माझ्या नावावर राहू दे. सगळंच तू कशाला घेतेस?"

पेंटर सावरला आणि पुन्हा बैठकीला जाऊ लागला. न्हाव्याने मात्र एक गंमत केली. "वहिनी, गिऱ्हाईक खुर्चीत सोडून मला फिरता येत नाही. बैठकीची वेळ नि जागा सगळ्यांना तुम्हीच सांगत जा." जिने निरोप गिळला तिच्याच हाती निरोप. हा विश्वास की शिक्षा, हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही. विचारलंही नाही, त्याच्याशी तेवढं बोलायची तिची तयारी नव्हती.

पेंटर पुढे सहा वर्षं जगला. एक थेंब घेतला नाही, पण आकसलेलं यकृत काही पुन्हा फुललं नाही. तो गेल्यावर न्हावी म्हणाला, "आता राहू दे फिरणं." ती म्हणाली, "का? तुम्हाला हेही एकट्यालाच करायचंय?"

असा तिचा फेरा आणखी अकरा वर्षं चालला. एका रविवारी ती दुपारची आडवी झाली ती उठली नाही. त्याआधीच्या शुक्रवारी ती बारा वाजता दुकानात गेली. न्हावी कुणाच्या तरी मानेवर वस्तरा फिरवत होता.

"सहाला, शाळेत," तो आरशातूनच म्हणाला.

"माहीत आहे. दर वेळी सहालाच असते."

"मग विचारायला कशाला येता?"

"एकदा बदलली होती."

तिथून ती शिंप्याकडे गेली, मग बस हाकणाऱ्याकडे. तो झोपला होता, त्याच्या आईला दोनदा सांगून तिच्याकडून एकदा वदवून घेतलं. शेवटचं घर परिचारिकेचं. तिला दारू सोडून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

"न्हावीभाऊंनी किती केलं हो माझ्यासाठी," ती दारातच म्हणाली.

पेंटरीणबाईंचा चेहरा कारलं चावल्यासारखा झाला. "हो, केलं असेल," त्या म्हणाल्या. "सहाला. शाळेत. दार बंद दिसलं तर परत फिरायचं नाही, माझ्याकडे यायचं. इथून समोरची तिसरी खोली. सांग बघू, किती वाजता?"

"सहाला."

"कुठे?"

"शाळेत."

त्यांनी मान डोलावली आणि त्या कठडा धरून जिना उतरायला लागल्या.