डहाणूला निघालेल्या मावशी

मावशींना गाडी लागायची. अंबडच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारी बसून पॅकिंग करायचो. सगळ्या बायका वणीला निघाल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी देवीला इथूनच हात जोडते. गाडीत बसलं की आतडी बाहेर येत्यात."

अशी बाई एका सकाळी माझ्या दारात पिशवी घेऊन उभी. "सुनीताचा फोन लागत नाय. डहाणूला जायचं, चल." सुनीता त्यांची एकुलती एक लेक, समुद्राकाठी दिलेली.

एसटी जव्हारला बंद पडली. तोवर घाटातल्या वळणांनी मावशींच्या पोटात काही उरलं नव्हतं. बाहेर एक जीप उभी होती, ड्रायव्हर म्हणाला, "भरल्याशिवाय नाय निघणार." मावशींनी पदरानं तोंड पुसलं आणि भर रस्त्यात उभं राहून हाका मारायला सुरुवात केली, "चला डहाणू, डहाणू!" जीप भरली. दाटीवाटीत डोळे मिटून त्यांनी माझं मनगट धरलं होतं. "इतक्या लांब पोर द्यायला नको होती," एवढंच एकदा बोलल्या.

सुनीताच्या सासूनं दार उघडलं. "सुनीता? ती तर माहेरी गेलीय, तुमच्याकडे!"

मावशी पिशवी उचलून मागे फिरल्या. वाटेत नळावरची एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "चिकूच्या वाडीत बघा."

सुनीता तिथं झाडाखाली चिकू निवडत होती. भुवईवर जखमेची खूण. आईला पाहून ती उठली नाही.

"घरी का नाय आलीस गं?"

"मागे आले होते ना? तूच परत गाडीत बसवून दिलंस. म्हणालीस, थोडं सोसायचं असतं."

मावशी तिच्याशेजारी बसून चिकू निवडू लागल्या. उन्हं कलल्यावर म्हणाल्या, "चुकलं माझं. चल."

"नको आई. इथं काम आहे, राहायला खोली आहे. मी बरी आहे."

आम्ही दोघीच परतलो.

पुढे मावशी जमेल तेव्हा डहाणूला जायच्या, तशाच ओकत. कॉलनीत कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की तिच्या आईला बाजूला घेऊन सांगायच्या, "पोरीला आधीच सांगून ठेव. परत यायला विचारायचं नाय, यायचं." गेल्या वर्षी त्या वारल्या. सुनीता आली, दिवसकार्य उरकून परत गेली. माहेरी राहायला मात्र ती कधीच आली नाही.

परवा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर मी तिला तेच सांगितलं. ती हसली. "आई, हे आत्तापासूनच?"

"हो," मी म्हणाले, "आत्तापासूनच."