तिसरी प्रत

माणसाचं चारित्र्य त्याच्या पेनावरून ओळखावं, असं कलकत्त्याच्या आमच्या मराठी मंडळात दर गणेशोत्सवाला कुणी ना कुणी वक्ता सांगत असे. मग अभिप्रायाच्या वहीत सही करायला तो शेजारच्याकडे पेन मागे. परचुरे सरांच्या पेनावरून एवढंच ओळखता येई की ते फार दाबून लिहितात.

सत्तर साली पुण्याहून बदली होऊन मी भवानीपूरला राहायला गेलो, तेव्हा सर वरच्या मजल्यावर राहत. तिसऱ्या पिढीचे कलकत्तेकर. सरकारी शाळेत गणित शिकवत. मराठी पाठ्यपुस्तकासारखं शुद्ध बोलत, आकडे मात्र बंगालीत मोजत. पुढच्याच वर्षी त्यांचा एकुलता मुलगा, अशोक, हावड्याला मित्राकडे जातो असं सांगून सकाळी निघाला तो परत आला नाही. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. नक्षलवादी चळवळीच्या त्या दिवसांत शहरातून अशी बरीच मुलं गेली. कुणाला पोलिसांनी नेलं, कुणाला आणखी कुणी. नक्की कुणी, हे विचारायची सोय नव्हती.

सरांनी विचारायचं ठरवलं. दर सोमवारी ते एक अर्ज लिहीत. मुलाचं नाव, वय, उंची, अंगातल्या शर्टाचा रंग, आणि शेवटी ‘तो कोठे आहे एवढेच कळवावे’. पहिली प्रत पोलिसांच्या खालच्या कचेरीला, दुसरी वरच्या, तिसरी घरी. मधे दोन कार्बन. साध्या पेनानं दाबून लिहिलं की निबेची टोकं फाकत आणि तिसऱ्या कागदावर अशोकचं नाव उमटत नसे. “तिसऱ्या प्रतीवर दिसलं तरच ते लिहिलं म्हणायचं,” असं सर म्हणत.

म्हणून रविवारी आम्ही धर्मतल्ल्याला जात असू. तिथे एका जिन्याखाली नारायणबाबू जुनी पेनं दुरुस्त करून विकत. पूर्वी कडक निबा करत तशा आता करत नाहीत, असं दोघांचंही मत होतं. बाकीची गिऱ्हाइकं टोपणाची सोनेरी पट्टी बघत, पेन खिशाला लावून आरशात बघत. सर पिशवीतून कागद-कार्बनची चळत काढत, इंग्रजीत अर्जाची पहिली ओळ लिहीत आणि थेट तिसरा कागद उजेडात धरत. दिसायला झोकदार पेन असलं तर ते परत ठेवून म्हणत, “हे सत्कारात द्यायचं पेन आहे.”

एकदा नारायणबाबू वैतागले. “मास्टरमोशाय, ही पेनं प्रेमपत्रं लिहिणाऱ्यांची. तुम्ही त्यांच्यावर हातोड्यासारखे पडता.”

सर हसले. त्या वर्षातलं मला आठवतं ते तेवढंच हसणं.

शेवटी एक मिळालं. काळं, बुटकं, टोपणाला चीर गेलेलं, कुठल्याशा गोदामातल्या मुकादमाचं. तिसऱ्या कागदावर ओळ स्वच्छ उमटली. सरांनी ती दोनदा वाचली.

येताना ट्राममध्ये मी म्हटलं, बॉलपेन घेतलं तर हा सगळा खटाटोप वाचेल. सर म्हणाले, “बॉलपेनानं अक्षर बिघडतं. उत्तर येत नाही, म्हणजे प्रश्न नीट मांडलेला नाही. अजून नीट मांडायला हवा.” तीस वर्षं त्यांनी मुलांना हेच शिकवलं होतं. मी स्वतः सरकारी कचेरीत बसत होतो. प्रश्न कितीही नीट मांडला तरी त्याचं काय होतं, हे मला माहीत होतं. मी दोघांची तिकिटं काढली.

दोन वर्षांनी ओळख काढून मी त्यांना त्या खालच्या कचेरीत घेऊन गेलो. तिथल्या बडेबाबूंनी, म्हणजे मुख्य कारकुनांनी, आदरानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि फाईल काढली. एकही अर्ज गहाळ नव्हता. सगळे तारीखवार लावलेले. “मास्टरमोशाय, काय अक्षर आहे तुमचं,” ते मनापासून म्हणाले. “नवीन कारकून आला की मी त्याला हीच फाईल देतो. अर्ज कसा असावा ते बघ म्हणतो.”

सरांनी विचारलं, “आणि मुलगा?”

बडेबाबूंनी सर्वांत वरचा अर्ज पुन्हा हातात घेतला. “मुलाबद्दल आहे का?” असं म्हणून ते वाचायला लागले.

सर उठले. चहा तसाच राहिला. पुढच्या सोमवारी त्यांनी अर्ज लिहिला नाही. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला वर बोलावून कागद-कार्बनची कोरी चळत दाखवली. घरात कुणी गेल्यासारखं त्यांनी ते सांगितलं. सर खुर्चीत बसून होते. मी पेनाबद्दल काहीतरी विचारलं. “चांगलं आहे,” म्हणाले. “त्याचा दोष नव्हता.”

पंचाहत्तरच्या हिवाळ्यात ते गेले. डॉक्टरांनी कारण हृदय असं लिहिलं.

बाईंच्या पेन्शनचा फॉर्म मी भरला. एक रकाना होता, ‘हयात अपत्ये’. मी बाईंकडे बघितलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो, म्हणून मी ‘एक’ असं लिहिलं. पुढचा रकाना ‘अपत्याचा सध्याचा पत्ता’ असा होता. तिथे मी भवानीपूरचाच पत्ता घातला.

फॉर्म पहिल्याच खेपेला मंजूर झाला.