घोरण्याच्या मापाचा कॉम्प्रेसर

अख्खी गल्ली त्यांना पुडीमास्तर म्हणायची. चित्रकलेचे मास्तर म्हणून ते निवृत्त झाले, पण पुड्या सोडण्यातून काही निवृत्त झाले नाहीत. बायकोची जुनी स्कूटर आपण घरच्या गॅरेजात अशी रंगवू की शोरूमवाले तोंडात बोटं घालतील, ही त्यांची ताजी पुडी. कुंचल्याने रंगवून पाहिली, तर बिचारीच्या अंगावर गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं. म्हणजे रंग फवाऱ्यानेच मारायचा, आणि त्यासाठी कॉम्प्रेसर हवा.

"हवेलासुद्धा मशीन हवं?" बायको म्हणाली. "आणा. पण गॅरेजच्या वर आई झोपते. दुपारी तिची झोप एकदा जरी मोडली, तरी स्कूटर भंगारात आणि गॅरेजात माझं शिवणयंत्र."

मास्तरांची हवा टाइट झाली. अख्ख्या घरात गॅरेज ही एकच जागा अशी होती, जिथे त्यांना कुणी 'पाय वर घ्या, केर काढायचाय' म्हणत नसे.

त्यांनी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "आवाज? माणूस घोरतो तेवढाच."

पण माणूस कोणता? त्याच दुपारी मास्तर चवड्यांवर चालत वर गेले आणि सासूबाईंचं घोरणं मोबाइलवर टिपून आले. त्या घोरण्यात ज्याचा आवाज बुडेल तो कॉम्प्रेसर आपला, असा साधा हिशेब होता.

दुकानात दुकानदाराने ते डोळे मिटून ऐकलं. "पट्ट्यावर चालणारा दिसतोय. जुना माल, पण दमदार. फक्त कुठेतरी गळतोय. मधेच शिट्टी वाजते बघा."

"त्या माझ्या सासूबाई आहेत."

दुकानदाराने मोबाइल दोन्ही हातांनी अदबीने परत दिला. "मग कुठलाही न्या. लहान टाकीचा सारखा चालू होतो. मोठी टाकी एकदा भरली की मशीन आपोआप बंद, मग बराच वेळ गप्प."

'गप्प' ऐकूनच मास्तर विरघळले. मोठी टाकी घरी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको शिवणयंत्राच्या जागेचं माप घ्यायला टेप घेऊनच गॅरेजात उभी राहिली. मास्तरांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. खाली घरघर, वर घरघर. दोन्हींचा सूर असा जुळला की कुठली कोणाची ते कळेना.

"बघ, म्हटलं नव्हतं?" मास्तरांनी मिशीवर ताव दिला.

तेवढ्यात टाकी भरली आणि मशीन खाडकन बंद झालं. वर पलंग करकरला.

"अगं, काय बंद पडलं? किती छान डोळा लागला होता!"

बायकोने टेप उघडली. मास्तरांनी घाईघाईने फवारा उचलला आणि स्कूटरवर सपासप रंग मारत सुटले. टाकीतली हवा उतरली, मशीन पुन्हा घरघरलं, पाठोपाठ सासूबाईही. बायको हसून हसून खालीच बसली. "गॅरेज तुमचं," ती म्हणाली, "पण हे बंद पडता कामा नये."

स्कूटर झाली. मग बादल्या झाल्या, कपाट झालं, शिवणयंत्रसुद्धा निळं झालं. आता घरात रंगवायला काही उरलं नाही, पण सासूबाईंची दुपार रोज येतेच. मास्तर आपली डुलकी सोडून टाकीजवळ स्टूल टाकून बसतात आणि मशीन थांबलं रे थांबलं की टाकीचा नळ फिरवतात. जन्मभर पुड्या सोडल्या, आता नुसती हवा सोडतात.