मोडायचं तर तिनं मोडावं

कुणी मदतीला पुढं आलं की आप्पा उजवा हात आडवा धरायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, जमतंय." डावा हात त्यांनी बांगलादेशच्या लढाईत गमावला होता, कोपरापासून. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात झेंडूचं क्रेट खांद्यावर घेऊन ते चालायचे, तेव्हा तुम्ही पाहिलं असतं तर रिकामी बाही तुमच्या नंतरच लक्षात आली असती.

आमचं शेत त्यांच्या शेजारी. पंचाहत्तरी ओलांडल्यावर ते बांधावर बसून जुनं सांगायचे, पण लढाईचं नाही. मी विचारलंच तर म्हणायचे, "लढाई लवकर आटपली. अवघड व्हतं ते माघारी आल्यावर."

माघारी आले तेव्हा ऐन तेविशीत होते. गावानं हार घातले आणि दुसऱ्या दिवसापासून कीव करायला सुरुवात केली. थोरला भाऊ म्हणाला, आता दुकानाच्या गल्ल्यावर बस. आप्पा उठून शेतात गेले आणि एका हातानं सरी ओढायला लागले. सरी वाकडी यायची, लोक हसायचे. आप्पा त्या वाकड्या सरीतच रोपं लावायचे.

त्यातच दौंडकडून निरोप आला, लढाईआधी ठरलेलं त्यांचं लग्न मुलीच्या वडिलांनी मोडलं म्हणून. आप्पा एस.टी.नं थेट मुलीच्या दारात गेले.

"मामा, मोडायचं तर तिनं मोडावं. तुम्ही न्हाई."

मुलगीच बाहेर आली. अंगणातल्या आडाकडं बोट करून म्हणाली, "पाणी शेंदून दावा."

आप्पांनी दोर ओढला, पायाखाली दाबला, पुन्हा ओढला. बादली वर येईपर्यंत तळपाय सोलून निघाला होता. त्याच बादलीतलं पाणी तिनं त्यांना प्यायला दिलं आणि वडिलांना म्हणाली, "तारीख धरा."

हे सांगताना आप्पांचा आवाज चढायचा. "तिनं कीव केली आसती ना, तर मीच मोडलं आसतं."

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. तिरडी उचलायच्या आधी बायका काकींच्या बांगड्या फोडायला पुढं झाल्या. काकी म्हणजे तीच मुलगी. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"रीत हाय, बाई," एक म्हातारी म्हणाली.

"आसंल तुमची. बांगड्या मी भरल्यात. उतरायच्या का न्हाई, माझं मी बघीन."

पुढच्या आठवडे बाजारात त्या आप्पांच्या जागेवर बसल्या होत्या, मनगटभर हिरव्या बांगड्या, समोर झेंडूचा ढीग. ओळखीची गिऱ्हाइकं जरा लांबच घुटमळली. काकींनी मान वर केली नाही. तराजू उचलला, पारडी सारखी केली आणि भाव पुकारला.